नव्या मॉडेलमध्ये आपल्याला काय हवं आहे?

गेल्या वर्षी कोल्हापुरात एका कीबोर्ड कंपनीचा डेमो होता. हॉटेलचा हॉल, एसी, पुढे टेबलावर तीन नवे कीबोर्ड आणि समोर खुर्च्यांवर आम्ही पन्नास-साठ जण. ऑर्केस्ट्रावाले, बेंजो पार्टीवाले, क्लास घेणारे सर, चर्चमध्ये वाजवणारे दोघं. बाई मी एकटीच, त्यामुळे चहा मला सगळ्यांच्या आधी मिळाला. डेमो संपल्यावर कंपनीच्या माणसाने एकेक कागद वाटला. वर छापलं होतं, 'नव्या मॉडेलमध्ये आपल्याला काय हवं आहे?' खाली पाच रिकाम्या ओळी.

पाच ओळी कुणालाच पुरल्या नाहीत. लोकांनी कागद उलटे करून लिहिलं.

माझ्या शेजारी इचलकरंजीचा एक बेंजोवाला होता. त्याची पहिली ओळ होती, 'उन्हात दिसणारा स्क्रीन.' मिरवणूक भर दुपारी निघते, कीबोर्ड ट्रॉलीवर, डोक्यावर ऊन, आणि स्क्रीनवर स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो. दुसरी ओळ, 'पाणी आत जाऊ नये.' गणपती ऐन पावसात येतात हे परदेशात बसून कीबोर्ड काढणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिसरी, 'गुलाल आत जाऊ नये.' हे वाचून मी मोठ्याने हसले, पण तो गंभीर होता. गुलाल पट्ट्यांच्या फटीतून खाली जाऊन आतल्या रबरावर बसला की एखादी पट्टी मुकी होते, नाहीतर हलक्या हाताने दाबली तरी ओरडते. गणपती संपले की दुरुस्तीवाल्याकडे रांग लागते ती याचीच.

पुढच्या रांगेतल्या काकांनी लिहिलं, 'लाईट गेली तरी विसरू नये.' याला मी मनातल्या मनात टाळी दिली. हळदीच्या कार्यक्रमात लाईट जाते, कुणीतरी पळत जाऊन जनरेटर सुरू करतो, थोड्या वेळाने कीबोर्ड शुद्धीवर येतो आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पियानो होऊन उभा राहतो. तोवर मी डावीकडे संबळ, उजवीकडे क्लॅरिनेट, खाली हलका बेस असं सगळं ताट वाढून ठेवलेलं असतं. ते गेलेलं. नवरदेवाची आत्या गोल फिरता फिरता थांबलेली असते आणि माझ्याकडे बघत असते.

आणखी कुणीतरी 'ओरिजिनल ढोलकी' लिहून 'ओरिजिनल'खाली तीन रेघा मारल्या होत्या. एकाला वजन कमी हवं होतं. एकाला सात मात्रांचा रूपक हवा होता, कारण बहुतेक तयार ठेके चारात नाहीतर तीनात बसवलेले. क्लासवाल्या सरांची तक्रार सगळ्यात शहाणी होती: तयार ठेका वाजवायचा तर डाव्या हाताने कॉर्ड धरा, असं यंत्र म्हणतं. अभंगात कॉर्ड कुठला आणायचा?

माझ्या कागदावर पहिल्या ओळीत एकच शब्द होता. मींड.

थोडं सांगते, कारण यात आमच्या अर्ध्या तक्रारी आल्या. कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक चाक किंवा दांडी असते, पिच बेंड. ती सरकवली की सूर वर-खाली घसरतो. बहुतेक वेळा कंपनीतून येताना ती दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली एवढी लावलेली असते. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका वायरने जोडून दाखवले. ती मिडी. त्या मिडीत या घसरण्यासाठी १६,३८४ पायऱ्या आहेत. म्हणजे गळ्याइतकी बारीक जागा यंत्रात गेली चाळीस वर्षं आहे. फक्त ती एका चॅनलवरच्या सगळ्या सुरांना मिळून एकच आहे. खाली षड्ज धरून ठेवून वर गंधारावरून मध्यमाकडे मींड घेतली, तर षड्जही सोबत घसरतो. तानपुरा घेऊन पळून चाललेल्या गायकासारखं ऐकू येतं. यावर उपाय निघाला आहे. दर सुराला स्वतःचा चॅनल द्यायचा, २०१८ मध्ये त्याचं रीतसर मानकही झालं. पण तशी वाद्यं अजून हळदीच्या बजेटमध्ये आलेली नाहीत.

दुसरी ओळ होती गंधार. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या हिशेबात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. नीट लावलेल्या तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो साधारण ३८६ वर. चौदा सेंट म्हणजे एका अर्धस्वराचा सातवा हिस्सा. हळदीत कुणाला कळत नाही. घरी सकाळी तानपुऱ्याचं ॲप लावून बसलं की दाताखाली खडा यावा तसा लागतो. अनेक कीबोर्डमध्ये एकेक सूर थोडा चढवायची-उतरवायची सोय असते, पण ती मेन्यूच्या सहाव्या पानावर. मला ती हाताशी हवी होती.

हे मागणं वेडेपणाचं नाही, याचा पुरावा बाजारात आहे. अरबी संगीताला पाव स्वर लागतात. कॉर्ग आणि यामाहा या दोन्ही कंपन्या त्या बाजारासाठी वेगळी मॉडेलं काढतात, आणि त्यांवर एकेक सूर पाव स्वराने उतरवायची सोय चालू गाण्यात हाताशी येईल अशी दिलेली असते. भारतासाठीही यामाहाची वेगळी मालिका आहे, त्यात तबला आणि तानपुरा आहे. म्हणजे मागितलं की कधीकधी मिळतं.

आणि आमच्याकडे हे मागणं फार जुनं आहे. मी मिरजेची. तंबोऱ्यांचं गाव म्हणून लोक ओळखतात, सतारमेकर गल्लीतून जाताना अजून भोपळे टांगलेले दिसतात. शेजारच्या सांगलीत शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहायचे. त्यांना बावीस श्रुतींनी झपाटलं होतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणारे सूर ते मोजायचे. १९१० मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मग क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी थेट इंग्लंडमधून बनवून घेतली. कोल्हापूरच्या हॉलमधल्या आमच्या कागदाचे पणजोबाच म्हणायचे. ती पेटी काही मैफलीत रुळली नाही. साधी बारा सुरांची पेटी मात्र घराघरांत राहिली, रेडिओने १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर उभं केलं तरीही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केली आहे. षड्ज आणि पंचम अचल, बाकी दहा सुरांना खुंटीने दोन-दोन जागा. हिशेब बरोबर बावीस.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "बावीस कशाला? मला बारा पुरतात. जिवंत असले म्हणजे झालं."

अण्णा म्हणजे माझे वडील. शिवणकाम करायचे आणि गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, दर गुरुवारी आणि एकादशीला. तीन वर्षांपूर्वी आषाढीच्या आदल्या आठवड्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय. उजवा हात शाबूत राहिला, वाचाही शाबूत राहिली, आई म्हणते ती जरा जास्तच शाबूत राहिली. फिजिओथेरपीने पाय बराचसा आला, काठी घेऊन चालतात. हात खांद्यापर्यंत वर जातो, पण बोटांची मूठ उघडत नाही. पेटी वाजवतो तो उजवा हात. पण पेटीला हवा देतो तो डावा.

म्हणून त्या दिवशी कंपनीच्या माणसाकडून मी एक कागद जास्तीचा मागून घेतला.

त्याआधी बरंच काही करून झालं होतं. घरी आल्यावर पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी ते म्हणाले, "पेटी काढ." मी पेटीच्या पलीकडे, त्यांच्याकडे तोंड करून बसले आणि भाता मारायला लागले. त्यांनी उजव्या हाताने सूर धरला. मी गेली आठ वर्षं पैसे घेऊन वाजवते, मला वाटलं हवाच तर द्यायची आहे. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर ते थांबले.

"पीठ मळतेस काय गं?"

मी ठेक्यावर भाता मारत होते. एक दोन तीन चार, नेमका. त्यांना तसा नको होता. ओळ सुरू होताना भरपूर हवा हवी, मधे एखाद्या शब्दावर दाब, ओळ संपताना सूर विरला पाहिजे, आणि दोन ओळींच्या मधे काहीच नको. माणूस श्वास घेतो तेवढी जागा. "भाता हातानं नाही मारायचा," ते म्हणाले, "गळ्यानं मारायचा. मनातल्या मनात म्हण, म्हणजे हात आपोआप जाईल." मी म्हणून बघितलं. पण मनातल्या मनात मी माझी ओळ म्हणत होते आणि ते त्यांची. कधी मी आधी संपायचे, कधी ते. आठ दिवस हा प्रयोग चालला. नवव्या दिवशी त्यांनीच पेटीवर कापड टाकलं. मला म्हणाले, तुझे कार्यक्रम असतात, रोज कुठं बसणार.

मग मी माझा जुना छोटा कीबोर्ड त्यांच्यापुढे ठेवला. याला भाता लागत नाही, एक हात बास. मला वाटलं, कसं आधी सुचलं नाही. हार्मोनियमचा टोन लावून दिला, खाली तानपुरा लावला, पट्टी काळी दोन करून दिली. त्यांनी दोन मिनिटं वाजवलं. मग पट्टीवर बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. सूर चालूच होता. सपाट, भरलेला, जराही कमी-जास्त न होणारा.

"हा कधी संपतो?"

"बोट उचललं की."

"आणि नाही उचललं तर?"

"चालू राहील."

"उद्या सकाळपर्यंत?"

"हो."

त्यांनी बोट उचललं. "मग ह्याला मी लागतो कुठं?"

मला राग आला. एवढं करतोय आपण, आणि यांना त्यात खोट दिसते. मी बाहेर निघून गेले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते यंत्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. कीबोर्ड मोजतो काय, तर पट्टी किती वेगाने खाली गेली. १ ते १२७ मधला एक आकडा. पट्टी तळाला टेकली की त्याचं मोजणं संपतं. पियानोला हे पुरतं, कारण तिथे हातोडी तारेवर पडली की त्या सुराचा आवाज वाढवणं माणसाच्या हातात राहत नाही. कीबोर्डची सगळी कल्पना तिथून आलेली. पेटीचं नेमकं उलटं आहे. पट्टी जोरात दाबा की हळू, तिला फारसा फरक पडत नाही. पट्टी दाबल्यावर काम सुरू होतं आणि ते भात्यावर होतं. पेटीत मींड नाही, गंधारही चढाच असतो, तरी चांगल्या पेटीवाल्याची पेटी गायल्यासारखी वाटते. त्यातलं निम्मं तो त्या हवेने करत असतो. मी आठ वर्षं पेटीचा टोन लावून वाजवत होते आणि भाता नसल्याची मला कधी चुकूनही आठवण झाली नव्हती. माझ्या कागदावरच्या पाच ओळींतही ती नव्हती.

बरं, यंत्रवाल्यांना हे माहीत नाही असंही नाही. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ला तोंडात धरून फुंकायची एक नळी जोडता यायची, फुंकर मारली तसा सूर फुगायचा. काही महागड्या कीबोर्डवर पट्टी तळाला गेल्यावरही आणखी दाबली तर तो दाब मोजला जातो. आणि एक साधी वस्तू आहे, एक्सप्रेशन पेडल. पायाने पुढे दाबलं की आवाज वाढतो, मागे घेतलं की कमी होतो. ते माझ्याकडे होतंच, धूळ खात. माझ्या कार्यक्रमांच्या मोठ्या कीबोर्डला ते लागतं. अण्णांच्या छोट्याला लागत नाही. त्याच्या मागे सस्टेनची पिन घालायची एकच जागा आहे, आणि सस्टेनचं पेडल म्हणजे दिव्याचं बटण. चालू किंवा बंद.

उजवा पाय अण्णांचा चांगला आहे. तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय. संगीत नाटकांतला ऑर्गनही पायाच्या हवेवरच चालायचा, तेव्हा हे काही मी लावलेले शोध नव्हेत. मोठा कीबोर्ड त्यांच्यापुढे ठेवला, पेडल पायाखाली दिलं. पहिल्याच ओळीला त्यांच्या भुवया वर गेल्या. सूर फुगला, उतरला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पण थोड्याच वेळात पुन्हा तीच कुरकुर. पेडल जिथे सोडावं तिथेच राहत होतं. पाय काढून घेतला तरी सूर आहे तेवढाच चालू. "भाता सोडला की हवा जाते," ते म्हणाले. "इथं जातच नाही."

इथे मला चरणजित सिंग आठवले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. त्यातलं टीबी-३०३ हे बास गिटारवाल्याच्या जागी वाजावं म्हणून काढलेलं खोकं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती, गिटारवाल्याच्या बोटासाठी. या गृहस्थांनी ते रागांना लावलं. ज्या कामासाठी वस्तू दिली त्याच कामाला ती लावली पाहिजे असं कुठे लिहिलं आहे? मी सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली, तिची पट्टी कापून पेडलच्या टाचेकडच्या बाजूला ओढून बांधली. आता पाय दाबला की पेडल पुढे जातं आणि सोडला की ट्यूब त्याला मागे खेचते. आवाज शून्यावर. पहिल्यांदा फार झटकन मेला. ट्यूब सैल केली. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी एक अख्खा अभंग वाजवला, दोन ओळींच्या मधे पूर्ण शांतता ठेवून. मग म्हणाले, "गंधार चढा आहे."

म्हणजे बरं चाललं होतं.

अडचण वेगळीच झाली. मोठा कीबोर्ड माझं पोट आहे. हळदी, मेंदी, वाढदिवस, सगळं त्यावर. माझ्या तारखा आणि मंडळाचे गुरुवार एकमेकांवर यायला लागले. अण्णा कधी बोलले नाहीत. गुरुवारी मी कीबोर्ड बॅगेत भरायला लागले की ते पेडल मात्र स्वतः काठीने खाटेखाली सरकवून ठेवायचे, मी नेऊ नये म्हणून. एका गुरुवारी मी मोठा त्यांच्याकडे ठेवला आणि छोटा घेऊन जयसिंगपूरच्या हळदीला गेले. ऑक्टोपॅडवाल्याने बघून विचारलं, "ताई, क्लासला निघालात का?" रात्री पार्टीच्या मालकाने मानधनातले पाचशे रुपये कापले. त्याचंही खरं होतं, त्या डब्यात संबळच नव्हता. रात्री एकला घरी आले तर अण्णा जागे होते. मंडळात दोन अभंग आणि एक गवळण वाजवल्याचं त्यांनी मला तीनदा सांगितलं. एक्सप्रेशनची जागा असलेला दुसरा कीबोर्ड घ्यायचा तर एक पायरी वरचं मॉडेल घ्यावं लागतं, आणि ती पायरी माझ्या सहा-सात हळदींएवढी आहे. पैसे साठवते आहे.

तर तो कागद. कोल्हापुरातून आणला त्या रात्री मी तो त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. ओळी पाच आहेत, काहीही लिहा म्हटलं. त्यांनी बराच वेळ घेतला. एकच ओळ लिहिली, मोठ्या अक्षरात, दोन ओळींची जागा घेऊन.

'भाता थांबला की सूर थांबला पाहिजे.'

बाकीच्या ओळी रिकाम्या ठेवून कागद परत दिला. मी त्याचा फोटो काढून कंपनीच्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली दोन ओळींत समजावलंही, की स्वस्त मॉडेलला एक्सप्रेशन पेडलची जागा द्या, आणि जमलं तर सोडल्यावर आपोआप मागे येणारं पेडल काढा, पेटी वाजवणारे हजारो लोक आहेत. त्याचा अंगठा आला आणि 'नोटेड मॅडम'.

गेल्या महिन्यात त्याच माणसाने नव्या मॉडेलचं पत्रक पाठवलं. टोन वाढले आहेत. ठेके वाढले आहेत. स्क्रीन रंगीत झाला आहे, उन्हात दिसतो का ते इचलकरंजीवाला सांगेल. मी थेट शेवटच्या पानावर गेले, जिथे मागच्या बाजूचा फोटो असतो, आणि बोटांनी मोठा करून बघितला. अण्णा खाटेवरून बघत होते.

"पिन घालायला किती जागा आहेत?"

"एकच. सस्टेनची."

ते पुन्हा पेडलची ट्यूब तपासायला लागले. ती आता बदलायला झाली आहे, मधे चीर गेली आहे. "आकडे वाढवायला त्यांना जमतं," ते म्हणाले. "त्याला परत पाठव तो कागद."

मी परत पाठवला.